कीर्द आणि गोषवारा

१९२७ साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात साथीच्या रोगांच्या गणिती उपपत्तीविषयी एक निबंध प्रसिद्ध झाला. विल्यम केरमॅक आणि अँडरसन मॅकेन्ड्रिक हे त्याचे कर्ते एडिंबरोत काम करीत होते. त्यांपैकी केरमॅक हे ऐन तारुण्यात प्रयोगशाळेतील स्फोटात दृष्टी गमावून बसलेले रसायनशास्त्रज्ञ, तर मॅकेन्ड्रिक हे हिंदुस्थानच्या वैद्यकीय सेवेत वर्षानुवर्षे राहून कसौलीच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये काम केलेले डॉक्टर. साथ गावातील प्रत्येक माणसाला गाठण्यापूर्वीच का ओसरते, या जुन्या प्रश्नाला त्यांनी जे गणिती उत्तर दिले, त्यावरच साथींचा अंदाज बांधण्याचे पुढील शतकाचे शास्त्र बव्हंशी उभे राहिले. त्या निबंधात एक आलेख आहे. एक डौलदार चढती-उतरती रेषा आणि तिला धरून चाललेले ठिपके. त्यातील प्रत्येक ठिपका हा मुंबई शहरात एका आठवड्यात प्लेगने मेलेल्या माणसांचा आकडा आहे. १७ डिसेंबर १९०५ पासून २१ जुलै १९०६ पर्यंतचे हे आठवडे. आणि साथ शिखराला पोहोचली तेव्हा तो आकडा आठवड्याला नऊशेच्या आसपास गेलेला दिसतो.

हे मृत्यू त्या दोघांनी मोजलेले नव्हते. १८९६ च्या सप्टेंबरात डॉ. अकासियु व्हिएगस या गोमंतकीय वैद्याने मांडवीतील रोग्यांना झालेला ज्वर हा ग्रंथिज्वर, म्हणजेच प्लेग, होय, असे निदान केले, तेव्हापासून हा रोग दर वर्षी हिवाळा सरताना मुंबईत डोके वर काढी आणि पावसाळ्याच्या तोंडी ओसरे. आणि त्या साऱ्या काळात शहराचे मृत्युनोंदीचे दप्तर आठवड्यामागून आठवडा लिहिले जात होते. ज्यांनी ते लिहिले त्यांची नावे कोणास ठाऊक नाहीत. परंतु त्यांच्या आकड्यांनीच एका जगप्रसिद्ध सिद्धांताला पहिला आधार दिला. या आकड्यांना आपले सूत्र लावताना केरमॅक आणि मॅकेन्ड्रिक यांनी काही गोष्टी गृहीत धरल्या, आणि ही गृहीतके काटेकोरपणे खरी नाहीत, सबब आपले सूत्र फारच ढोबळ आहे, अशी कबुलीही तेथेच देऊन ठेवली. पुढच्या पिढ्यांना मात्र रेषा आणि ठिपके यांचा मेळ लक्षात राहिला. कबुली विसरली गेली.

२०१२ साली निकोला बाकाएर या फ्रेंच गणितज्ञाने तो आलेख पुन्हा तपासावयास घेतला. प्लेग हा उंदीर आणि पिसवा यांच्यामार्फत पसरणारा, ऋतुमानाप्रमाणे चढणारा-उतरणारा रोग असता, ऋतूंची दखलच न घेणारे सूत्र त्याला बेतल्यासारखे बसावे, हे त्या सूत्राच्या खरेपणाचे प्रमाण मानता येत नाही, असे त्याने दाखवून दिले. एवढ्या अवधीनंतर ही चूक उमगू शकली, ती दोन कारणांनी: निबंधकारांनी आपली गृहीतके लपविली नव्हती, आणि मुंबईचे आकडे जसेच्या तसे उपलब्ध होते. सिद्धांत दुरुस्त झाला. नोंद अबाधित राहिली. शास्त्राची खरी मत्ता कोणती, निष्कर्ष की नोंद, या प्रश्नाचे उत्तर मला या एका आलेखात मिळते, आणि तेच उत्तर आज आपल्या सार्वजनिक जीवनात विसरले जात आहे, म्हणून हा लेखनप्रपंच.

जुन्या पेढीवरील हिशेबाची रीत ज्यांनी पाहिली आहे त्यांना ठाऊक असेल की, रोजचा व्यवहार प्रथम कीर्दीत चढतो, कीर्दीवरून खतावणी होते आणि वर्षाअखेर खतावणीवरून गोषवारा निघतो. मालक गोषवारा वाचतो; परंतु शहाणा मालक अधूनमधून एखादी रक्कम बोटाने दाखवून ‘ही कीर्दीत कोठे आहे ती दाखवा’ असे म्हणतो, आणि त्याने तसे म्हणण्याची शक्यता असते एवढ्यानेच साऱ्या वह्या सचोटीने लिहिल्या जातात. संशोधनाचेही असेच आहे. ‘अमुक विद्यापीठाच्या अभ्यासातून सिद्ध झाले’ अशा मथळ्याखाली जे आपल्यापुढे येते तो गोषवारा असतो. मोजमापे, वगळलेल्या नोंदी, गणिताच्या पायऱ्या ही त्याची कीर्द होय. शास्त्रे निराळी असली, त्यांची परिभाषा परस्परांना अगम्य असली, तरी अर्थशास्त्र, वैद्यक, पदार्थविज्ञान, भौतिकी आणि साथींचे गणित या पाचही दालनांत गेल्या पाव शतकात जे घडले ते पाहिले, म्हणजे जेथे कीर्द उघडी होती तेथे चूक लवकर सुधारली, आणि जेथे ती मिटलेली होती तेथे अनर्थ ओढवला, हाच एक धडा पुनःपुन्हा मिळतो.

प्रथम अर्थव्यवहार घेऊ. २०१० साली कार्मेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या हार्वर्डशी संबंधित नामांकित अर्थशास्त्रज्ञांनी असे मांडले की, ज्या प्रगत देशांचे सरकारी कर्ज राष्ट्रीय उत्पन्नाच्या ९० टक्क्यांवर जाते त्यांची वाढ खुंटते. युद्धोत्तर काळात अशा देशांची सरासरी वाढ उणे ०.१ टक्का निघते. युरोप-अमेरिकेत तेव्हा मंदीचे सावट होते, आणि सरकारी खर्चाला कात्री लावू पाहणाऱ्या राजकारण्यांना हा आकडा ब्रह्मवाक्यासारखा उपयोगी पडला. पुढे मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातील टॉमस हर्नडन या विद्यार्थ्याला अभ्यासक्रमाचा भाग म्हणून एखाद्या प्रसिद्ध निबंधाचा ताळा पाहण्याचे काम मिळाले. त्याने हा निबंध निवडला. पण काही केल्या आकडे जुळेनात. शेवटी त्याने मूळ लेखकांकडेच त्यांची गणनपत्रिका मागितली आणि त्यांनी ती दिली. तीत सरासरी काढताना पाच देशांच्या ओळी बेरजेत धरावयाच्या राहून गेल्या होत्या: ऑस्ट्रेलिया, ऑस्ट्रिया, बेल्जियम, कॅनडा आणि डेन्मार्क. शिवाय ब्रिटनच्या १९ वर्षांना आणि न्यूझीलंडच्या अवघ्या एका वाईट वर्षाला समान वजन दिले गेले होते. हर्नडन आणि त्याच्या दोन प्राध्यापकांनी २०१३ साली हिशेब नव्याने मांडला, तेव्हा उणे ०.१ च्या जागी अधिक २.२ टक्के हा आकडा आला. मूळ लेखकांनी ओळी राहून गेल्याची चूक कबूल केली, मात्र आपल्या एकंदर प्रतिपादनाचा बचाव केला. त्या वादाचा निवाडा अर्थशास्त्रज्ञ करोत. मला येथे दोघांचेही ऋण मान्य करावयाचे आहे: मागणाऱ्या विद्यार्थ्याचे, आणि मागितल्यावर आपली वही उघडी करणाऱ्या आचार्यांचेही. खेद एवढाच की, ती वही तीन वर्षे आधी, निबंधाबरोबरच उघडी झाली असती, तर त्या आकड्याच्या आधारे धोरण सुचविणाऱ्यांना वेळीच थांबविता आले असते.

आपल्या घरच्या बाजारातील एक दाखलाही येथे देण्याजोगा आहे. शेअरबाजाराच्या वायदे व्यवहारात पैसा कसा खात्रीने मिळतो हे सांगणारे ‘अभ्यास’ मध्यमवर्गीय तरुणांच्या हाती रोज पडत असतात, आणि त्यांत यशस्वी झालेल्यांचीच उदाहरणे असतात. बुडालेल्यांची नोंद कोणी ठेवीत नाही. सेबीने मात्र २०२४ च्या सप्टेंबरात तीन आर्थिक वर्षांच्या प्रत्यक्ष व्यवहारांची खाती तपासून जाहीर केले की, वैयक्तिक व्यवहार करणाऱ्या एक कोटीहून अधिक लोकांपैकी ९३ टक्के तोट्यात गेले, आणि त्यांचा एकत्रित तोटा १ लाख ८० हजार कोटी रुपयांहून अधिक होता. निवडक कहाण्या आणि संपूर्ण वही यांतले अंतर याहून स्पष्ट करून सांगता येणार नाही.

वैद्यकात हेच अंतर प्राणांशी निगडित होते. २०२० च्या मे महिन्यात, जग कोरोनाच्या भयाने ग्रासले असता, ‘लॅन्सेट’ या विख्यात नियतकालिकात एक निबंध आला. सहा खंडांतील ६७१ रुग्णालये आणि ९६ हजार रुग्ण यांच्या माहितीवरून हायड्रॉक्सिक्लोरोक्विन या औषधाने मृत्यू वाढतात, असा त्याचा निष्कर्ष होता. हे औषध आपल्याकडेही प्रतिबंधासाठी सुचविले जात होते, म्हणून हिंदी वैद्यकालाही त्या बातमीने हादरा बसला. आणि तीनच दिवसांत जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या चाचण्यांतील त्या औषधाचा भाग तहकूब केला. परंतु ऑस्ट्रेलियातील मृत्यूंचा त्या निबंधातील आकडा त्या देशाच्या सरकारी आकड्याहून अधिक कसा, असा साधा बेरजेचा प्रश्न उपस्थित झाला, शंभरावर शास्त्रज्ञांनी जाहीर पत्र लिहिले, आणि माहिती पुरविणाऱ्या खाजगी कंपनीकडे मूळ नोंदी मागण्यात आल्या. कंपनीने त्या तपासासाठी देण्यास नकार दिला. निबंध प्रसिद्ध होऊन दोन आठवडे होतात न होतात तोच, ४ जूनला, चारपैकी तीन लेखकांनी तो मागे घेतला. दुसऱ्याच दिवशी ब्रिटनमधील ‘रिकव्हरी’ या चाचणीने, रुग्णांना चिठ्ठी टाकल्याप्रमाणे दोन गटांत विभागून आणि मोजमापाची पद्धत आधीच जाहीर करून, त्या औषधाने गुण येत नाही असा निर्णय दिला. दोन्ही निष्कर्ष औषधाच्या विरुद्धच होते, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. एकावर विश्वास ठेवता येतो आणि दुसऱ्यावर येत नाही, याचे कारण निष्कर्षात नसून त्यामागील वहीत आहे.

अशी वही चोख ठेवण्याची परंपरा आपल्या देशाला नवी नाही. १९५६ साली मद्रासमध्ये क्षयरोग्यांवर सुरू झालेल्या अभ्यासात १९३ रुग्ण होते. काहींना आरोग्यधामात ठेवले, काहींना त्यांच्या दाटीवाटीच्या घरीच औषध दिले, आणि कोण कोठे जाणार हे वैद्याच्या मर्जीवर न सोडता दैवगतीने ठरविले. घरी राहिलेले रोगी जवळजवळ तितकेच बरे झाले, असे १९५९ साली निष्पन्न झाले, आणि त्यांच्या घरच्यांना अधिक लागण झाली नाही, असेही पुढे दिसले. आणि क्षय म्हणजे दूर डोंगरावरील हवा, ही श्रीमंतांनाच परवडणारी समजूत जगभर मागे पडली. त्याच प्रांतात, चिंगलपट जिल्ह्यात, १९६८ पासून लाखो लोकांवर बीसीजी लशीची चाचणी झाली. प्रौढांच्या फुफ्फुसाच्या क्षयापासून तेथे तिने संरक्षण दिले नाही, हा अत्यंत गैरसोयीचा निकाल १९७९ साली प्रामाणिकपणे प्रसिद्ध करण्यात आला. बालकांना क्षयाच्या घातक प्रकारांपासून ही लस वाचविते म्हणून ती आजही जन्मतः दिली जाते, आणि दिली जावी. परंतु सरकारी कार्यक्रमाच्या आशेवर पाणी फिरविणारा आकडा सरकारी पैशानेच चाललेल्या चाचणीने छापावा, ही गोष्ट मला कित्येक यशस्वी प्रयोगांहून अधिक अभिमानास्पद वाटते.

पदार्थविज्ञानाच्या दालनात मिटलेल्या वहीचे सर्वांत विदारक उदाहरण आहे. अमेरिकेतील बेल लॅबोरेटरीज या, ट्रान्झिस्टरची जन्मभूमी असलेल्या, संस्थेत यान हेंड्रिक श्योन हा तरुण जर्मन शास्त्रज्ञ सेंद्रिय पदार्थांपासून विद्युत्-घटक बनविण्याचे एकाहून एक विस्मयकारक प्रयोग जाहीर करीत होता. २००१ साली तर सरासरी दर आठ दिवसांस त्याच्या नावाचा एक निबंध येत होता. इतर प्रयोगशाळांतील तरुण संशोधकांनी त्याच्या प्रयोगांची पुनरावृत्ती करण्यात आपली उमेदीची वर्षे घालविली, आणि यश येईना तेव्हा दोष आपल्याच हातांत असेल असे मानले. २००२ साली काही चाणाक्ष वाचकांच्या लक्षात आले की, निरनिराळ्या तापमानांतील निरनिराळ्या प्रयोगांच्या आलेखांत सूक्ष्म थरथर मात्र हुबेहूब एकसारखी आहे. निसर्गात अशी थरथर दोनदा सारखी येत नाही. चौकशी समितीने मूळ नोंदी मागितल्या, तेव्हा व्यवस्थित प्रयोगवह्या ठेवलेल्याच नाहीत आणि संगणकातील मूळ मोजमापे जागा नसल्याने पुसून टाकली, असे उत्तर मिळाले. तपासलेल्या २४ आरोपांपैकी १६ बाबतींत गैरवर्तन शाबीत झाले. ज्येष्ठ सहकारी होते, नियतकालिकांचे परीक्षक होते, पारितोषिके देणाऱ्या समित्या होत्या. पण ‘वही आणा’ म्हणणारा एकही मनुष्य त्या वाटेवर दोन-तीन वर्षे भेटला नाही.

याच्या उलट उदाहरण अलीकडचे आहे. २०२३ च्या जुलैत दक्षिण कोरियातील काही संशोधकांनी एलके-९९ हा पदार्थ साध्या तापमानाला, वातावरणाच्या साध्या दाबाखाली, अतिवाहक होतो, म्हणजे विजेला मुळीच विरोध करीत नाही, असा दावा केला. दावा प्रचंड होता. पण त्यांनी तो पदार्थ तयार करण्याची कृती सोबत दिली होती आणि ती साध्या भट्टीवर करता येण्याजोगी होती. त्यामुळे दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेपासून जर्मनीपर्यंत अनेक ठिकाणी तो पदार्थ करून पाहण्यात आला, आणि ऑगस्ट संपण्यापूर्वीच उलगडा झाला की, त्यात अशुद्धी म्हणून राहिलेल्या कॉपर सल्फाइडचे रूप सुमारे १०४ अंशांना पालटते व त्यामुळे विद्युत्-विरोध एकाएकी घसरतो. एका दाव्याची तड लागावयास वर्षे लागली, दुसऱ्याची आठवड्यांत लागली. फरक कृती उघड असण्याचा होता.

भौतिकीतील ‘ऑपेरा’ प्रयोगाची हकीकत तर शास्त्रीय शीलाचा पाठ म्हणून शाळांतून सांगितली जावी. जिनीव्हाजवळील सर्न येथून निघालेले न्यूट्रिनो हे सूक्ष्म कण ७३० किलोमीटर जमिनीखालून इटलीतील ग्रान सास्सो डोंगराच्या पोटातील प्रयोगशाळेत पोहोचत. तीन वर्षांच्या सुमारे सोळा हजार नोंदींवरून ते प्रकाशापेक्षा ६० नॅनोसेकंद आधी येतात, असे दिसले. हे खरे असते तर आइन्स्टाइनचे शास्त्र मुळातून हलले असते. महिनोन्महिने आपली चूक शोधूनही ती न सापडल्यावर, २०११ च्या सप्टेंबरात, ‘ऑपेरा’च्या शास्त्रज्ञांनी आपली पद्धत आणि मोजमापे जगापुढे ठेवली व इतरांनी ती तपासावीत अशी विनंती केली. पुढील फेब्रुवारीत त्यांनाच आढळले की, काळ मोजणाऱ्या यंत्रणेतील प्रकाशतंतूची एक तार नीट बसलेली नव्हती. शेजारच्याच दुसऱ्या प्रयोगानेही न्यूट्रिनो प्रकाशाच्या मर्यादेतच धावतात असे दाखविले. प्रयोगाच्या दोघा प्रमुखांनी पदत्याग केला, आणि वृत्तपत्रांनी सैल तारेची कुचेष्टा केली. त्या कुचेष्टेत आपण सामील होऊ नये. ज्या प्रयोगावर आयुष्य वेचले त्याची शंकास्पद नोंद स्वतः होऊन जगाच्या स्वाधीन करणे, यास मोठे धैर्य लागते. आणि तोच प्रयोग २०१५ साली, न्यूट्रिनो आपला प्रकार वाटेत बदलतो या त्याच्या मूळ विषयात, निर्विवाद यश मिळवून गेला.

आता पुन्हा साथीकडे येतो, कारण तेथे आपणां सर्वांचा हिशेब अजून पुरा व्हावयाचा आहे. २०२० च्या मार्चमध्ये लंडनच्या इंपीरियल कॉलेजने, काहीच उपाय न केल्यास ब्रिटनमध्ये पाच लाखांवर मृत्यू होतील, असा अंदाज वर्तविला. त्यामागील संगणकीय आज्ञावली जुनी व गुंतागुंतीची असल्याची टीका झाली, तेव्हा ती खुली करण्यात आली, आणि केंब्रिजच्या एका तपासनिसाने ती चालवून त्या अहवालातील प्रमुख निष्कर्ष तिच्यातून पुन्हा निघतात असा निर्वाळा दिला. आपल्याकडे केंद्र सरकारने नेमलेल्या तज्ज्ञ समितीने २०२० च्या ऑक्टोबरात सांगितले की, काळजी घेत राहिल्यास २०२१ च्या फेब्रुवारीअखेर साथ जवळजवळ संपेल. त्याच फेब्रुवारीत अमरावती जिल्ह्यात पुन्हा टाळेबंदी लावावी लागली, आणि मे महिन्याच्या आरंभी देशात दिवसाला चार लाखांवर नवे रुग्ण नोंदले जात होते. अंदाज चुकला म्हणून मी त्या शास्त्रज्ञांस दोष देत नाही. विषाणू रूप पालटील हे कोणत्याही सूत्रात लिहिलेले नव्हते. परंतु एप्रिलअखेर, स्मशाने अहोरात्र पेटलेली असता, देशातील शेकडो शास्त्रज्ञांना पंतप्रधानांना जाहीर विनंतिपत्र लिहून, चाचण्यांची तपशीलवार माहिती आम्हांस अभ्यासासाठी द्या, अशी याचना करावी लागली, ही गोष्ट मात्र दोषास्पद आहे. १९०६ चे मुंबईचे आठवडावार आकडे एडिंबरोतील एका नेत्रहीन शास्त्रज्ञापर्यंत पोहोचू शकले. ११५ वर्षांनंतर आपल्याच देशाच्या चाचण्यांचे आकडे आपल्याच शास्त्रज्ञांना अर्ज करून मागावे लागले.

असाच दरवाजा आणखी एका ठिकाणी, दारिद्र्याच्या मोजणीत, मिटला. पुण्यातील वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ साली, राष्ट्रीय नमुना पाहणीच्या १९६०-६१ च्या आकड्यांवरून आणि रोज २,२५० उष्मांक ही कसोटी धरून, ग्रामीण भागातील सुमारे ४० टक्के आणि शहरी भागातील सुमारे ५० टक्के लोक दारिद्र्यात आहेत असे दाखविले. पुढे पां. वा. सुखात्मे यांनी, एकाच माणसाची अन्नाची गरज दिवसागणिक बदलते, तेव्हा सरासरीखालच्या प्रत्येकाला उपाशी मोजणे योग्य नाही, असा आक्षेप घेतला, आणि त्या वादाने भारतीय आहारशास्त्र व अर्थशास्त्र दोन्ही समृद्ध झाली. दोन दिग्गज मराठी माणसे एवढ्या निकराने आणि एवढ्या सभ्यपणे भांडू शकली, कारण भांडणाचा ऐवज दोघांपुढे सारखाच उघडा होता. २०१७-१८ ची खर्चपाहणी मात्र, तिच्या माहितीच्या दर्जाविषयी शंका असल्याचे कारण देऊन, २०१९ साली सरकारने प्रसिद्धच केली नाही. परिणामी २०११-१२ नंतर २०२२-२३ पर्यंत या देशात कोण किती खातो-पितो याचा अधिकृत आकडा अभ्यासकांना मिळाला नाही. माहितीत दोष असतील तर दोषांच्या यादीसह ती छापावी. दोष शोधण्याचे कामही अभ्यासकांचेच आहे.

या म्हणण्यावर तीन आक्षेप येतात, आणि तिन्ही विचारार्ह आहेत. रुग्णांची गोपनीयता धोक्यात येईल, हा पहिला. नावगाव काढून टाकून, आणि जेथे तेवढ्याने भागत नाही तेथे जबाबदार संशोधकांना नियंत्रित जागी वह्या पाहू देऊन, तो सोडविता येतो. ज्याने कष्टाने माहिती गोळा केली त्याच्या श्रमांवर दुसरे कोणी पोळी भाजून घेईल, हा दुसरा. त्यासाठी संकलकाला ठराविक मुदतीचा पहिला हक्क द्यावा, पण मुदतीनंतर दप्तर खुले व्हावे. तिसरा आक्षेप अधिक खोल आहे: शास्त्रातील चुका अशा चव्हाट्यावर आणल्या तर सामान्य माणसाचा शास्त्रावरचा विश्वास उडेल. मला नेमके उलट वाटते. १९९८ साली अवघ्या १२ मुलांच्या आधारे गोवराच्या एका संयुक्त लशीचा संबंध स्वमग्नतेशी सुचविणारा निबंध ‘लॅन्सेट’मध्ये आला, आणि तो मागे घ्यावयास २०१० साल उजाडले. या बारा वर्षांत पाश्चात्त्य देशांतील लक्षावधी आईबापांच्या मनात लशीविषयी जी भीती रुजली ती आजही निघालेली नाही. विश्वास उडतो तो झाकलेली चूक उशिरा बाहेर आल्याने. कबूल करून लगोलग दुरुस्त केलेल्या चुकीने तो वाढतोच.

महाराष्ट्राला ही गोष्ट तरी समजावून सांगावी लागू नये. इतिहासाचार्य राजवाडे यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या ग्रंथमालेचा पहिला खंड काढला तेव्हापासून, बखरीतील रसाळ कथेपेक्षा त्या वेळचे अस्सल पत्र प्रमाण, हा दंडक आपल्या इतिहाससंशोधनाने मानला आहे. आणि पेशवे दप्तर अभ्यासकांना खुले व्हावे म्हणून पुण्यातील विद्वान किती वर्षे झगडले, हेही आपण जाणतो. शास्त्रातील मथळा ही बखर आहे, मोजमापाची वही हे अस्सल पत्र आहे.

म्हणून मागणे थोडके आणि स्पष्ट आहे. जे संशोधन जनतेच्या पैशाने होते त्याची मोजमापे, गणनपद्धती आणि वगळलेल्या नोंदी निष्कर्षाबरोबरच खुल्या व्हाव्यात. औषधांच्या चाचण्यांची नोंद आधी करण्याची सक्ती आपल्याकडे २००९ पासून आहे. तिच्या जोडीला, निकाल प्रतिकूल असला तरी ठराविक मुदतीत छापण्याची सक्ती असावी. दुसऱ्याच्या प्रयोगाची रुजवात पाहणाऱ्या विद्यार्थ्याच्या कामाला विद्यापीठांनी प्रबंधाचा मान द्यावा, कारण हर्नडनने गृहपाठ म्हणून जे केले ते कित्येक नव्या सिद्धांतांहून मोलाचे ठरले. आणि आम्हां वृत्तपत्रांत लिहिणाऱ्यांनी ‘अभ्यास सांगतो’ असे छापण्यापूर्वी किती लोकांवर, कोणाच्या पैशाने, आणि मूळ नोंदी कोणास पाहता येतात, हे तीन प्रश्न विचारून त्यांची उत्तरे बातमीतच द्यावीत.

१८९८ साली कराचीत पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच वैद्याने प्लेग उंदरावरील पिसवांमुळे पसरतो हे प्रयोगाने दाखविले, तेव्हा त्याच्यावर फारसा कोणी विश्वास ठेवला नाही. १९०५ नंतर मुंबईत परळच्या प्रयोगशाळेतून काम करणाऱ्या प्लेग-संशोधन आयोगाने तो प्रश्न पुन्हा हाती घेतला. पिसवा पोहोचतील अशा पिंजऱ्यातील प्राण्यांना प्लेग झाला, पिसवांपासून राखलेले प्राणी वाचले, आणि मग जगाने मानले. त्याच वर्षांत, त्याच शहरात, मृतांचे आकडे आठवड्यामागून आठवडा वहीत उतरत होते. त्या आकड्यांचा पुढे कोण काय अर्थ लावील, याची लिहिणाऱ्यांना कल्पना असणे शक्य नव्हते. आपण पाहिले ते जसेच्या तसे लिहून ठेवणे एवढेच त्यांच्या हाती होते. त्यांनी ते केले आणि ती वही कोणी मिटवून ठेवली नाही, म्हणून शंभर वर्षांनीही तिच्याशी ताळा घालून एक थोर सिद्धांत दुरुस्त करता आला. आपल्या पिढीच्या वह्या शंभर वर्षांनी कोणास उघडता येतील काय, याची तजवीज करण्याची वेळ आताची आहे.